पलीकडे कोण बसलंय? टेलिटाइपपासून स्यूडो-टर्मिनलपर्यंत



आजचा विषय दिसायला तांत्रिक आहे, पण मी तो इतिहास म्हणून सांगणार आहे. ज्यांना प्रोग्रामिंग येतं त्यांनी थोडा धीर धरावा आणि ज्यांना येत नाही त्यांनी घाबरू नये.

लिनक्सच्या कुठल्याही संगणकावर ती काळी खिडकी उघडा आणि 'टीटीवाय' ही तीन अक्षरं टाइप करून एंटर दाबा. उत्तर येतं ते साधारण 'डेव्ह, पीटीएस, शून्य' अशा धर्तीचं. टीटीवाय म्हणजे टेलिटाइप. पीटीएसमधला 'पी' हा स्यूडोचा, म्हणजे नकली. तुम्ही संगणकाला विचारलंत, मी कुठल्या टेलिटाइपवर बसलोय? तो म्हणाला, शून्य क्रमांकाच्या नकली टेलिटाइपवर. आता 'एसटीटीवाय' टाइप करा. पहिल्याच ओळीत दिसेल, वेग ३८४०० बॉड. हा तारेचा वेग. पण तार कुठंय? तार नाहीच! नसलेल्या यंत्राला जोडलेल्या नसलेल्या तारेचा वेग संगणक आपल्याला गंभीरपणे सांगतोय.

माझे दोन प्रश्न आहेत. यंत्र गेलं, तर त्याचं सोंग का टिकलं? आणि दुसरा, हे सोंग नेमकं कोणासाठी चाललंय?

आधी खरं यंत्र बघू. आपल्याकडे जुन्या लोकांना आठवत असेल, वर्तमानपत्राच्या कचेरीत वृत्तसंस्थेचा टेलिप्रिंटर खडखडत असायचा. तारेतून बातमी यायची आणि कागदावर उमटायची. टेलिटाइप हा त्याच कुळातला. टेलिटाइप कॉर्पोरेशननं १९६३ साली 'मॉडेल ३३' बाजारात आणलं आणि ते स्वस्त असल्यामुळे संगणकांना जोडलं जाऊ लागलं. सेकंदाला दहा अक्षरं, फक्त मोठी रोमन अक्षरं, ओळीत बहात्तर अक्षरं, आणि सगळं कागदावर. पडदा नाही. अक्षर छापणारा भाग ओळीच्या शेवटी पोचला की त्याला डावीकडे परत यायला वेळ लागायचा. म्हणून संगणकानं जरा थांबायचं. त्या थांबण्यासाठीच्या खुणा आजच्या पॉझिक्स मानकाच्या एका विस्तारातही शिल्लक आहेत.

१९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचं काम सुरू केलं. त्यांचा एक प्रसिद्ध फोटो आहे. थॉम्पसन टेलिटाइपसमोर बसलेत, रिची शेजारी उभे आहेत आणि मागे पीडीपी-११ हा संगणक आहे. युनिक्सच्या आज्ञा 'एलएस', 'सीपी', 'एमव्ही' अशा दोन-दोन अक्षरी आहेत, त्या या संथ यंत्राच्या काळातल्या.

आता एक गंमत. कागदावर छापलेलं अक्षर पुसता येत नाही. मग चूक झाली तर? सुरुवातीच्या युनिक्समध्ये # हे चिन्ह टाइप केलं की आधीचं एक अक्षर रद्द, आणि @ टाइप केलं की अख्खी ओळ रद्द. कागदावर सगळं तसंच दिसायचं, पण प्रोग्रामला दुरुस्त केलेली ओळ मिळायची. ही दुरुस्ती कोण करायचं? प्रोग्राम नाही, टेलिटाइपही नाही. मध्ये बसलेला संगणकाचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो करायचा. कर्नलच्या या भागाला 'लाइन डिसिप्लिन' असं नाव आहे. आपण त्याला टपालखिडकीवरचा कारकून म्हणू. तो अक्षरं गोळा करतो, खाडाखोड बघतो, तुम्ही टाइप केलेलं तुम्हाला परत दाखवतो आणि एंटर आलं की पूर्ण ओळ आत सरकवतो.

कारकुनाची आणखी कामं होती. कामात अडथळा आणणारी कळ दाबली, पुढच्या काळात ती कंट्रोल-सी झाली, की कारकून ते अक्षर आत न पाठवता चालू प्रोग्रामला 'थांब' असा संकेत पाठवायचा. टेलिफोनच्या तारेवरून जोडलेला माणूस फोन ठेवून निघून गेला की 'तो माणूस गेला' असा संकेत. त्याचं नावच 'हँगअप', फोन ठेवणं. आज तुम्ही खिडकी बंद केलीत की तिथले प्रोग्राम बंद पडतात ते या संकेतामुळे. कुठेही फोन ठेवलेला नाही, पण प्रोग्रामला तशी खबर जाते. पासवर्ड विचारताना कारकुनाला सांगायचं, आता आलेलं अक्षर परत दाखवू नकोस.

म्हणजे टेलिटाइप हे नुसतं यंत्र राहिलं नाही, त्याच्याभोवती एक करार तयार झाला. प्रोग्राम आणि टर्मिनल यांनी एकमेकांशी कसं वागायचं, याचा करार. आणि त्याच्या मुळाशी न लिहिलेलं गृहीतक होतं, ते असं की तारेच्या दुसऱ्या टोकाला माणूस बसलेला आहे. चुका करणारा, कंटाळून कळ दाबणारा, फोन ठेवून जेवायला जाणारा माणूस.

यंत्र बदललं तरी करार टिकला. कागद गेला, पडदे आले. डेक कंपनीचं व्हीटी१०० हे प्रसिद्ध टर्मिनल १९७८ चं. तरीही तार होती, तारेच्या टोकाला डबा होता आणि डब्यासमोर माणूस होता. खरी अडचण आली ती तार गेल्यावर.

समजा तुम्ही एका शहरातून दुसऱ्या शहरातला संगणक नेटवर्कवरून वापरताय. तिथे तुमच्यासाठी शेल, म्हणजे आज्ञा घेणारा प्रोग्राम, चालायला हवा. पण त्याला टर्मिनल कुठून द्यायचं? तिथे तुमच्या नावाची तार नाही. नेटवर्कवरून आलेली अक्षरं घेणारा एक प्रोग्राम तेवढा आहे. मग दोन प्रोग्राम जोडणारी युनिक्सची साधी नळी, म्हणजे पाइप, वापरली तर? वापरून बघा. नळीत कारकून नसतो. कंट्रोल-सी हे तिथे फक्त तीन क्रमांकाचं अक्षर, त्यानं काही थांबत नाही. खाडाखोड होत नाही. पासवर्ड विचारणारा प्रोग्राम टर्मिनल शोधतो, ते सापडत नाही आणि तो अडून बसतो. आजही दूरच्या यंत्रावर 'सूडो' चालवताना पासवर्ड वाचायला टर्मिनल हवं अशी तक्रार येते, ती यातलीच.

यावरचा उपाय म्हणजे स्यूडो-टर्मिनल. कर्नलमध्ये एक जोडी तयार करायची. एक टोक हुबेहूब टर्मिनलसारखं वागेल. दुसरं टोक अशा प्रोग्रामच्या हातात, जो माणसाच्या आणि डब्याच्या जागी बसेल. मध्ये तोच जुना कारकून. मी पहिल्याला टर्मिनलचं टोक म्हणतो आणि दुसऱ्याला चालकाचं टोक. इंग्रजीत त्यांना स्लेव्ह आणि मास्टर म्हणत आले. २०२४ च्या पॉझिक्स मानकात त्यांची नावं सब्सिडियरी आणि मॅनेजर अशी झाली आहेत.

ही कल्पना मूळची युनिक्सची नाही. डेकच्या पीडीपी-६ आणि पीडीपी-१० या मोठ्या संगणकांवर १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातच पीटीवाय होते. आणि ते कशासाठी वापरत, हे लक्षात घ्या. कामांची गठ्ठ्यानं यादी द्यायची आणि ती माणसाशिवाय पार पाडायची, यासाठी. म्हणजे नकली टर्मिनलच्या जन्मापासूनच त्याच्यासमोरचा माणूस उठून गेलेला आहे. युनिक्सच्या जगात ही सोय सर्वदूर पोचली ती १९८३ च्या ४.२ बीएसडी या आवृत्तीतून, दूरच्या यंत्रावर लॉगिन करण्याच्या साधनांबरोबर.

आता तत्त्वज्ञानाच्या माणसाला राहवत नाही, म्हणून थोडं विषयांतर. आपल्याकडे दारात बहुरूपी यायचा. पोलिसाचा वेश, 'चला ठाण्यावर' असा दरडावणीचा सूर. घरातल्यांना ठाऊक असायचं की हा पोलीस नाही. स्यूडो-टर्मिनल हा बहुरूपी आहे असं म्हणावंसं वाटतं, पण एक फरक आहे. बहुरूप्यानं कितीही दरडावलं तरी त्याला अटक करता येत नाही. स्यूडो-टर्मिनल खरोखर 'अटक' करतं. कंट्रोल-सी आलं की प्रोग्राम खराच थांबतो. सातव्या शतकातला बौद्ध तार्किक धर्मकीर्ती सांगतो की जे अर्थक्रिया करू शकतं, प्रत्यक्ष कार्य घडवतं, ते सत्. मृगजळानं तहान भागत नाही, म्हणून ते पाणी नव्हे. इथे तहान भागते. मग याला नकली का म्हणायचं?

आणि युनिक्सनं हाच निकष प्रत्यक्षात वापरला आहे! सी भाषेत 'इझ-ए-टीटीवाय' नावाचं फंक्शन आहे. समोर टर्मिनल आहे का, हे ते सांगतं. कसं? ते डबा शोधत नाही, तार तपासत नाही. ते समोरच्याला म्हणतं, तुझी टर्मिनलची सेटिंग्ज दाखव. दाखवता आली तर तू टर्मिनल. संपलं. कूळ-मूळ विचारत नाही, करार पाळतोस का एवढंच विचारतं.

हे उत्तर पुढे कुठे कुठे वापरलं जातं ते बघा. 'एलएस' ही आज्ञा समोर टर्मिनल असेल तर फाइलींची नावं रकान्यांत मांडते, नसेल तर एका ओळीत एक नाव देते. सी भाषेच्या १९८९ च्या मानकात तर 'संवादी उपकरण' असाच शब्दप्रयोग आहे. उपकरण संवादी नसेल तर प्रोग्रामचं लेखन साठवून ठेवून एकदम सोडता येतं. म्हणून अनेकांना हा अनुभव येतो की प्रोग्राम खिडकीत व्यवस्थित ओळीमागून ओळ बोलतो, पण त्याला नळी जोडून दुसऱ्या प्रोग्रामला ऐकवायला गेलं की गप्प. बिघडलेला नसतो तो. त्याला वाटतं, ऐकायला कोणी माणूस नाही, मग घाई कशाला, हजारो अक्षरं साठली की पाठवू. त्याला नळीऐवजी स्यूडो-टर्मिनल द्या, लगेच बोलायला लागतो.

प्रोग्रामरला हे प्रत्यक्ष करायचं तर पायऱ्या ठरलेल्या आहेत. आधी जोडीचं चालक टोक उघडायचं. मग 'फोर्क' करून प्रोग्रामची दुसरी प्रत तयार करायची. त्या प्रतीनं जुन्या टर्मिनलशी नातं तोडून नवं सत्र सुरू करायचं. त्यासाठी 'सेटसिड' आहे. मग टर्मिनलचं टोक उघडून त्याला आपलं नियंत्रक टर्मिनल मानायचं, आपलं वाचन, लेखन आणि त्रुटींचं लेखन, तिन्ही त्यालाच जोडायचं, आणि शेवटी हवा तो प्रोग्राम स्वतःच्या जागी चढवायचा. चढलेल्या प्रोग्रामला यातलं काहीच कळत नाही. डोळे उघडल्यापासून तो टर्मिनलसमोरच आहे. नियंत्रक टर्मिनलची पायरी चुकली की कंट्रोल-सी योग्य त्या प्रोग्रामपर्यंत पोचत नाही, म्हणून नवशिके इथेच अडखळतात. रिचर्ड स्टीव्हन्स यांच्या १९९२ च्या युनिक्स प्रोग्रामिंगवरच्या ग्रंथात एकोणिसावं प्रकरण संपूर्णपणे स्यूडो-टर्मिनलवर आहे.

पहिली पायरी, चालक टोक उघडणं, तिचाही इतिहास आहे. बीएसडीमध्ये या जोड्या आधीच मांडून ठेवलेल्या असत. प्रोग्रामनं पहिली उघडायचा प्रयत्न करायचा, ती कोणाकडे असेल तर दुसरी, मग तिसरी. एसटी स्टँडवर रिकाम्या बाकाचा शोध घ्यावा तसं. पण गैरसोयीपेक्षा धोका मोठा. टर्मिनलच्या टोकाची मालकी बदलण्याचा अधिकार फक्त सर्वाधिकारी वापरकर्त्याला, म्हणजे रूटला. त्यामुळे साध्या खिडकीच्या प्रोग्रामलाही रूटचे अधिकार द्यावे लागायचे, नाहीतर टोक सगळ्यांना खुलं राहायचं. खुलं टोक दुसऱ्यानं आधीच उघडून ठेवलं, तर तुम्ही काय टाइप करता ते त्याच्या हाती.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस सिस्टिम फाइव्हच्या चौथ्या आवृत्तीत वेगळी रीत आली. एकच दार, नाव 'पीटीएमएक्स'. ते उघडलं की नवी जोडी मिळते. मग तीन फंक्शनं. 'ग्रँटपीटी' टर्मिनलच्या टोकाची मालकी योग्य माणसाला देतं, 'अनलॉकपीटी' कुलूप काढतं, 'पीटीएसनेम' त्या टोकाचं नाव सांगतं. आधी मालकी, मग कुलूप उघडायचं, हा क्रम महत्त्वाचा. हीच पद्धत 'युनिक्स ९८' या नावानं मान्य झाली, आणि दार उघडण्यासाठी 'पॉझिक्स-ओपनपीटी' हे फंक्शन २००१ च्या मानकात आलं. लिनक्समध्ये 'डेव्ह पीटीएस' हा फोल्डर गरजेप्रमाणे आपोआप भरतो आणि रिकामा होतो.

या पायावर किती इमारती उभ्या राहिल्या बघा. १९८४ मध्ये एमआयटीत 'एक्सटर्म' तयार झाला, पडद्यावरची खिडकी म्हणजेच टर्मिनल. १९८७ चा 'स्क्रीन', एका टर्मिनलच्या पोटात अनेक टर्मिनलं. तुमची तार तुटली तरी आतलं काम चालूच राहतं, कारण फोन ठेवल्याची खबर आत जातच नाही. १९९५ मध्ये फिनलंडच्या तातू यलोनेन यांनी 'एसएसएच' लिहिला. तारेवरचं सगळं सांकेतिक झालं, पण दूरच्या टोकाला शेलसाठी मांडलेलं आसन मात्र स्यूडो-टर्मिनलचंच. आणि खिडक्यांची रुंदी माणूस ओढून बदलू लागला, तेव्हा करारात नवं कलम आलं, 'पडद्याचा आकार बदलला' असा संकेत. टेलिटाइपच्या कागदाची रुंदी कधी बदलत नव्हती. मायक्रोसॉफ्टनंही २०१८ मध्ये विंडोज १० मध्ये 'कॉनपीटीवाय' या नावानं हीच सोय आणली.

आता माझा दुसरा प्रश्न. हे सोंग कोणासाठी?

१९५० साली अॅलन ट्युरिंग यांनी 'माइंड' या तत्त्वज्ञानाच्या नियतकालिकात तो प्रसिद्ध लेख लिहिला. पलीकडच्या खोलीत माणूस आहे की यंत्र, हे नुसत्या प्रश्नोत्तरांतून ओळखायचं. आवाजावरून ओळख पटू नये म्हणून आदर्श व्यवस्था त्यांनी कोणती सुचवली? दोन खोल्यांमध्ये टेलिप्रिंटर! म्हणजे हा प्रश्न जन्मला तोच या यंत्राच्या तोंडून. फक्त ट्युरिंगच्या खेळात परीक्षक माणूस होता. युनिक्समध्ये परीक्षक प्रोग्राम आहे आणि त्याचा प्रश्नच चुकतो. त्याला जाणून घ्यायचं असतं, माणूस आहे का? आणि तो विचारतो, टर्मिनल आहे का?

मघाशी म्हटलं तसं, पासवर्ड विचारणारा प्रोग्राम नळीतून आलेलं घेत नाही, थेट टर्मिनल उघडतो. त्यामागे हेतू होता. पासवर्ड माणसाच्या डोक्यात असावा आणि माणसानंच तो द्यावा. मग अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतल्या डॉन लिब्ज यांनी 'एक्स्पेक्ट' नावाचं साधन तयार केलं आणि १९९० मध्ये ते जगापुढे मांडलं. कल्पना सोपी. प्रोग्रामला स्यूडो-टर्मिनल द्यायचं, चालकाच्या टोकाशी एक लिखित संवाद ठेवायचा. 'पासवर्ड' असा शब्द दिसला की हे पाठव. 'नक्की का?' असं आलं की 'हो' पाठव. शंभर यंत्रांची देखभाल करणाऱ्या माणसाची यात केवढी सोय! तिला नावं ठेवण्याचं कारण नाही. पण 'नक्की का?' हा प्रश्न ज्यानं लिहिला त्याला वाटलं होतं की वाचणारा क्षणभर थांबेल, विचार करेल. आता उत्तर आधी लिहिलेलं असतं आणि प्रश्न नंतर येतो. ज्याच्या नावावर तो 'हो' जातो तो तिथे नसतोच.

आज भाषा-मॉडेलांवर चालणारे मदतनीस प्रोग्राम अशाच नकली टर्मिनलांतून आज्ञा देऊ लागले आहेत. आसन तेच, करार तोच. प्रोग्राम विचारतो, सगळं पुसू का? आणि पलीकडून 'हो' येतं. टर्मिनल खरं आहे, कारण ते अर्थक्रिया करतं. पुसलेली फाइलही खरीच पुसली जाते. पण जबाबदारी ही अक्षरं पाठवण्याच्या क्षमतेतून येत नाही. इथे धर्मकीर्तीचा निकष टर्मिनलला लागू पडतो, माणसाला नाही. उपकरणाबद्दल 'तसं वागतं, म्हणून तसं आहे' हे पुरेसं आहे. संमतीबद्दल पुरेसं नाही.

करारात आणखी एक गृहीतक दडलंय, ते आपल्या मराठीला नडतं. टेलिटाइपवर एक अक्षर म्हणजे एक घर. आता 'कॅट' ही आज्ञा चालवा, म्हणजे ओळ शेलच्या नाही, कर्नलमधल्या कारकुनाच्या हातात राहील. 'कु' टाइप करा आणि एकदा बॅकस्पेस दाबा. युनिकोडमध्ये 'कु' म्हणजे दोन चिन्हं, 'क' आणि उकार. लिनक्सच्या कारकुनाला २००४ पासून युटीएफ-८ कळतं, म्हणून तो शेवटचं चिन्ह, उकार, बरोबर काढतो. पण पडद्याला सांगतो, एक घर मागे ये आणि पूस. उकाराला वेगळं घर न देणाऱ्या टर्मिनलवर अख्खा 'कु' पुसला जातो. ओळ रिकामी दिसते. एंटर दाबा, आणि रिकाम्या ओळीतून 'क' उगवतो! मोठ्या रोमन अक्षरांच्या कागदी यंत्राशी केलेला करार अजून आपल्या बाराखडीवर चालतोय.

यंत्रं भंगारात जातात, करार जात नाहीत, कारण हजारो प्रोग्राम त्यावर विसंबलेले असतात. करार जपण्यासाठी मग यंत्राचं सोंग उभं करावं लागतं, आणि ते इतकं चोख होतं की सोंग म्हणवत नाही. यात वाईट काही नाही. संगणकाच्या इतिहासातलं मला हे मोठं शहाणपण वाटतं. पन्नास वर्षांपूर्वीचा प्रोग्राम आजच्या खिडकीत चालतो तो यामुळे. फक्त करारातली न लिहिलेली कलमं अधूनमधून काढून वाचायला हवीत. समोर टर्मिनल आहे का, हे टर्मिनलला खुशाल विचारा. समोर माणूस आहे का, आणि तो या 'हो'ची जबाबदारी घेतोय का, हे विचारायचं असेल तर त्यासाठी वेगळा प्रश्न आणि वेगळी व्यवस्था घडवावी लागेल. जुन्या टेलिटाइपच्या जागेवर बसून ते उत्तर मिळणार नाही.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.